सुयांना हात सगळ्यात शेवटी

तुमची अडचण मला समजली ती अशी. 30 सीसी पेट्रोल इंजिनचं, रेडिओवर उडवायचं वापरलेलं मॉडेल विमान तुम्ही विकत घेतलं. त्याआधी ते 3 वर्षं नुसतं टांगून ठेवलेलं होतं. इंजिन चालू होतं, मंद गतीला छान गुरगुरत राहतं, पण थ्रॉटल पूर्ण उघडला की दम कोंडल्यासारखं होऊन बंद पडतं. कार्ब्युरेटरच्या सुया, म्हणजे पेट्रोल कमी-जास्त करायचे स्क्रू, फिरवता फिरवता एकदा जमल्यासारखं वाटलं म्हणून तुम्ही उडवलं, तर चढतानाच बंद पडलं. उतरताना जोरात आपटलं, चाकांची प्लेट उखडली आणि फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन बसवलेल्या पुढच्या फळीच्या, कडेला बारीक भेग दिसते आहे. नवा कार्ब्युरेटर घ्यावा, की सुया अजून कशा फिरवाव्यात, एवढंच तुम्ही विचारलंय.

दोन्हींचं उत्तर सध्या ‘नाही’ असंच आहे. तुमच्याकडे आता तीन बिघाड एकात एक गुंतले आहेत. पेट्रोल पुरेसं पोचत नाही, हा मूळचा. इंजिन ज्या फळीवर बसलंय ती हलते आहे, हा आपटल्यानंतरचा. आणि सुया इतक्या वेळा फिरल्यात की त्यांच्यावरून आता काहीच कळणार नाही, हा आपण स्वतः ओढवून घेतलेला. मी वीसेक वर्षं ही इंजिनं उघडतोय, जोडतोय. दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक विमानांत हा तिसरा बिघाड असतोच. सुई हा जुन्या रेडिओचा आवाज वरखाली करायचा कान आहे. तार तुटली असेल तर कान पिळून गाणं लागत नाही.

मी तुमचं विमान पाहिलेलं नाही. इंजिन कुठल्या बनावटीचं, कार्ब्युरेटर मागे आहे की बाजूला, टाकी कुठे बसवली आहे, यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून आकडे देईन तिथे तुमच्या इंजिनच्या पुस्तिकेतला आकडा वेगळा असला तर तो धरा, माझा सोडा. तपासण्याचा क्रम मात्र कुठल्याही इंजिनला हाच.

आधी एक खुलासा. याला ‘गॅस इंजिन’ म्हणतात, पण तो गॅस म्हणजे साधं पेट्रोल आणि त्यात मिसळलेलं टू-स्ट्रोक तेल. लहान मॉडेलांत असतं ते ग्लो इंजिन. ते मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेलाच्या मिश्रणावर चालतं, आणि त्याला ठिणगी लागत नाही, प्लगमधली तापलेली तार पुरते. ग्लो प्लग 1947 मध्ये रे आर्डेन यांनी बाजारात आणला. त्याआधीची मॉडेल इंजिनं बहुतेक पेट्रोल आणि ठिणगीवरच चालायची, म्हणजे आपण नवं काही करत नाही, जुन्याकडेच परतलोय. हे सांगायचं कारण इतिहास नाही, नळी आहे. ग्लोला वापरतात ती सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते, बुळबुळीत होते आणि निपलवरून निसटते. टाकीच्या तोंडाचं रबरी बूचही पेट्रोलला वेगळं लागतं. आधीचा मालक ग्लोवरून पेट्रोलकडे वळलेला असेल, तर टाकीत नेमकी कुठली नळी आहे हे सगळ्यात आधी बघा.

आता लक्षणाकडे. हवेत बंद पडलं तेव्हा आवाज कसा होता, आठवतंय का? कात्रीने दोरा तोडावा तसा एकदम तुटला, तर संशय ठिणगीवर जातो. बॅटरी, स्विच, वायरचा जोड, सेन्सर. आवाज आधी बसत गेला, चिडचिडा झाला, आणि मग थांबला, तर बहुधा पेट्रोल कमी पडलं. तुम्ही ‘दम कोंडल्यासारखं’ लिहिलंय, म्हणून मी पेट्रोलच्या वाटेवर पैज लावतो.

ही वाट टाकीपासून सुरू होते आणि लोक नेमकी टाकीच सोडून देतात, कारण ती काढायला पंख उतरवावे लागतात, रिसीव्हर (रेडिओचे संदेश घेणारी डबी) बाजूला करावा लागतो, हात खरचटतात. तरी काढा. आत एक मऊ नळी असते आणि तिच्या टोकाला वजनदार क्लंक. विमान कसंही वळलं तरी क्लंक पेट्रोलमागे जायला हवा. 3 वर्षं पडून राहिलेली नळी आतून कडक होते. मग क्लंक एका जागी अडतो, आणि नाक वर केलं की पेट्रोल मागे आणि क्लंक पुढे. चढताना बंद पडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. टाकी हातात घेऊन उलटीसुलटी करा. क्लंक आतल्या बाजूला खुळखुळत सगळीकडे फिरला पाहिजे. नळीवर चिरा दिसल्या, पिवळी पडून काडीसारखी ताठ झाली असली, तर विचार करत बसू नका. पेट्रोलसाठी बनवलेली टायगॉनसारखी नळी आणा आणि आतबाहेर सगळी बदला. क्लंक नमद्याचा असेल तर तोही बदला. जुन्या तेलाने तो बुजलेला असतो आणि वरून साफच दिसतो.

नवीन नळी घातल्यावर टाकी पाण्याच्या बादलीत बुडवा, एक सोडून बाकी तोंडं बंद करा आणि उरलेल्या तोंडातून हलकी फुंकर मारा. बुडबुडा आला तर तिथून हवाही आत जाते. पेट्रोल गळत नाही म्हणजे जोड पक्का, असं समजू नका. कार्ब्युरेटर पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळे सैल जोडातून पेट्रोल बाहेर पडण्याऐवजी हवा आत शिरते आणि बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. पितळी नळीच्या टोकाला तांब्याच्या तारेचं एक वेटोळं झाळून घ्यावं, म्हणजे नळीला पकड मिळते. वरून बारीक केबल टाय. टाकीला हवा मिळायची नळी, म्हणजे व्हेंट, मोकळी आहे ना तेही पाहा. माझ्याकडे एकदा एक विमान आलं, चार मिनिटं झक्क उडायचं आणि मग बंद. व्हेंटच्या तोंडावर कीटकाने मातीचं घर केलं होतं. टाकीत पोकळी तयार व्हायची आणि पेट्रोल पुढे सरकायचंच नाही.

मग कार्ब्युरेटर. या इंजिनांना बहुतेक वेळा वॉलब्रो किंवा त्या धर्तीचा कार्ब्युरेटर असतो. लाकूड कापायच्या चेनसॉवर असतो तोच. त्यात स्कूटरसारखा फ्लोट नसतो, कारण चेनसॉ आडवीतिडवी धरली तरी चालली पाहिजे, आणि विमानालाही तेच हवं. फ्लोटच्या जागी दोन डायफ्रॅम असतात. एक पंपाचा: इंजिनच्या क्रॅंककेसमध्ये पिस्टनमुळे दाब वरखाली होतो, त्या ठोक्यावर हा पडदा फडफडतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसरा मोजणारा: आतलं पेट्रोल कमी झालं की तो आत ओढला जातो, एका छोट्या तरफेला दाबतो, तरफ सुईझडप उघडते आणि पेट्रोल आत येतं.

आता तुमचं लक्षण याला लावून बघा. मंद गतीला पेट्रोल थेंबभर लागतं. पंप अर्धमेला असला तरी तेवढं येतं. पूर्ण थ्रॉटलला मागणी कितीतरी पटींनी वाढते, पंप ती पुरवू शकत नाही, मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन गुदमरतं. 3 वर्षं कोरडा पडलेला पडदा कडक होतो. बोटाने दाबला तर मऊ रबरासारखा न वाटता वाळक्या पिंपळपानासारखा कुरकुरतो. तेव्हा नवा कार्ब्युरेटर नको, डायफ्रॅम-गॅस्केटचं किट घ्या. कार्ब्युरेटरवर जो मॉडेल क्रमांक कोरलाय त्याचंच घ्या, कारण दिसायला सारखे पडदे मापाला सारखे नसतात.

उघडायचं कसं ते सांगतो. टेबलावर पांढरं कापड अंथरा. काळं किंवा रंगीत नको, त्यावर हरवलेली स्प्रिंग सापडत नाही. एका बाजूच्या झाकणाला साधारणपणे एकच स्क्रू असतो, ती पंपाची बाजू. झाकण उचलण्याआधी फोटो काढा. आधी पडदा की आधी गॅस्केट, हा क्रम या बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला नेमका उलटा असतो, आणि इथेच लोक चुकतात. पडद्याखाली एका खड्ड्यात नखाएवढी बारीक जाळी बसवलेली असते. ती सुईच्या टोकाने हळूच काढा आणि उजेडासमोर धरा. बहुतेक वेळा तिथेच चोर सापडतो: नळीचे कण, जुन्या पेट्रोलचा तपकिरी चीक, लाकडाचा भुसा. दुसऱ्या बाजूला बहुधा चार स्क्रू, तिथे मोजणारा पडदा आणि तरफ. तरफेखाली स्प्रिंग असते. पिन काढताना वर बोट ठेवा, नाहीतर ती स्प्रिंग उडून जाईल आणि तुमची दुपारही जाईल. तरफेची उंची आधी होती तशीच ठेवा, वाकवू नका. सगळं सुटं केल्यावर कार्ब्युरेटर क्लीनर भोकाभोकांतून मारा. डोळ्यांना चष्मा लावा, कारण एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्यातून थेट तोंडावर येतो. तार घालून भोकं कोरू नका. त्यांचं माप फार नेमकं असतं.

एक गोष्ट मी स्वतः चुकलोय म्हणून जरा रेंगाळून सांगतो. क्रॅंककेसचा तो ठोका पंपापर्यंत एका लहान भोकातून पोचतो. इंजिन, मधला ठोकळा, गॅस्केट आणि कार्ब्युरेटर या चौघांतलं ते भोक एका रेषेत असावं लागतं. मी एकदा घाईत गॅस्केट उलटं बसवलं. चारही बोल्ट बरोबर बसले, दिसायला सगळं नीटनेटकं, पण ठोक्याचं भोक बुजलं. इंजिन मंद गतीला सुरेख, वर नेलं की मेलं. अगदी तुमचंच लक्षण. मी सुया फिरवल्या, किट बदललं, शेवटी चिडून नवा कार्ब्युरेटर आणला, आणि तोही त्याच गॅस्केटवर बसवला. दोन रविवार गेले. तेव्हापासून बसवण्याआधी गॅस्केट उजेडासमोर धरतो आणि त्या भोकातून पलीकडचं दिसल्याशिवाय पाना हातात घेत नाही.

ठिणगीचा भाग त्यामानाने सोपा. प्लग बदला, या आकाराच्या बऱ्याच इंजिनांना एनजीकेचा सीएम-6 लागतो आणि फट 0.4 ते 0.5 मिमी ठेवतात. जुना प्लग फेकण्याआधी बघा. तपकिरी असेल तर ठीक, काळाकुट्ट ओला असेल तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), पांढराफटक असेल तर लीन. ठिणगी बघायची असेल तर प्लग टोपणात घालून त्याचं धातूचं अंग इंजिनला टेकवूनच बघा. प्लग न लावता इग्निशन चालवलं तर ठिणगीला बाहेर जायला वाट मिळत नाही, आणि मॉड्यूल आतूनच जळू शकतं. इग्निशनची बॅटरी मोजताना नुसतं व्होल्टमीटर लावू नका, भार देऊन मोजा. 3 वर्षं पडलेली बॅटरी मोकळी असताना पूर्ण आकडा दाखवते आणि काम पडलं की बसते. इग्निशनची असो वा रिसीव्हरची, इतक्या वर्षांची बॅटरी मी तपासत नाही, बदलतो. त्या एका वस्तूवर अख्खं विमान हवेत टांगलेलं असतं.

आता फायरवॉल. तुम्ही ‘बारीक भेग’ म्हणताय. अशी भेग वरून केसाएवढी आणि आत बोटभर असू शकते. पंखा (प्रोपेलर) काढा, एका हाताने विमानाचं अंग धरा, दुसऱ्या हाताने प्रॉप हब, म्हणजे पंखा बसतो तो भाग, वरखाली, डावीउजवीकडे दाबा, आणि भेगेकडे बघा. ती उघडमीट करत असेल तर इंजिन अजिबात चालू करू नका. दोन कारणं आहेत. पहिलं उघड आहे, इंजिन उखडून बाहेर येऊ शकतं. दुसरं कमी लोकांच्या लक्षात येतं. सैल फायरवॉल थरथरते, टाकी तिच्या मागेच असते, पेट्रोलला फेस येतो, फेसातली हवा कार्ब्युरेटरमध्ये जाते आणि इंजिन लीन झाल्यासारखं वागतं. मग माणूस सुई उघडतो. म्हणून म्हटलं, हे तिन्ही बिघाड एकमेकांत गुंतलेले आहेत. फायरवॉल पक्की झाल्याशिवाय तुम्ही लावलेली सुई खरी नाही.

दुरुस्तीआधी एक मोजमाप घ्या. इंजिन बहुधा सरळ पुढे बघत नाही. 2 ते 3 अंश उजवीकडे वळवलेलं असतं, काही विमानांत थोडं खालीही. प्रॉप हबपासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंतची अंतरं मोजून लिहून ठेवा. फळी चिकटवताना हा कोन गेला, तर विमान उडेल, पण दर वेळी थ्रॉटल दिला की डावीकडे ओढेल आणि तुम्हाला कारण सापडणार नाही.

खरा शत्रू तेल. भेगेतून तेल लाकडात मुरलेलं असतं आणि तेलकट लाकडाला इपॉक्सी धरत नाही. वाळल्यावर वाटतं धरलंय, आणि पहिल्या जोरदार धक्क्याला खपलीसारखं सुटतं. मी असं करतो: भेग पाचरीने अलगद उघडतो, ॲसिटोनने पुसतो, मग ॲसिटोनमध्ये टाल्क पावडर कालवून लेप लावतो. ॲसिटोन उडताना तेल वर येतं आणि पावडर ते शोषून घेते. लेप पिवळट झाला की खरवडायचा आणि पुन्हा लावायचा. पांढराच राहीपर्यंत. कधी दोनदा पुरतं, कधी सहा वेळा. खिडक्या उघड्या ठेवा, आसपास ज्योत किंवा ठिणगी नको, आणि कव्हरिंगवर, म्हणजे विमानावरच्या पातळ आवरणावर, ॲसिटोन सांडू देऊ नका.

त्यानंतर सावकाश धरणारी इपॉक्सी वापरा, किमान 30 मिनिटांची. 5 मिनिटांची इपॉक्सी सोयीची असते, पण ती मुरायच्या आतच घट्ट होते. लावल्यावर हेअर ड्रायरने जरा ऊब दिली की इपॉक्सी पातळ होऊन भेगेत झिरपते. मग फळीच्या कडेतून, अंगाच्या बाजूने, 3 मिमीची भोकं पाडून टणक लाकडाच्या खुंट्या इपॉक्सीत बुडवून ठोका. प्रत्येक बाजूला तीन-चार. आतल्या कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या आणि शक्य असेल तर फायबरग्लासचं पातळ कापड. नुसतं चिकटवलेलं लाकूड थरथरीने सुटतं. खुंटी मात्र तुटल्याशिवाय निघत नाही. शेवटी सगळ्या उघड्या लाकडाला पातळ इपॉक्सीचा हात द्या, म्हणजे पुन्हा तेल पिणार नाही.

चाकांच्या प्लेटबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. उखडली म्हणून तिथे दुप्पट जाड प्लाय आणि फायबरग्लास घालायचा मोह होतो. घालू नका. पुढच्या वेळी आपटल्यावर जोर कुठेतरी जाणारच. प्लेट उखडली नाही तर तो पंखाच्या मुळाशी किंवा अंगाच्या मधोमध जाईल, आणि ती दुरुस्ती चौपट अवघड. मी प्लेट पूर्वीएवढीच मजबूत करतो आणि चाकांचे पाय नायलॉनच्या बोल्टनी बसवतो. आपटलं की बोल्ट तुटतात. ते बदलायला पाच मिनिटं लागतात. मुख्य दांडा किंवा लॉन्जेरॉन (अंगाच्या लांबीभर जाणारी पट्टी) तुटला असेल, तर तो टोकाला टोक लावून चिकटवू नका. दोन्ही तुकडे तिरपे कापून जोडा. लाकडाची जाडी 1 तर तिरप्याची लांबी निदान 8 ते 10. कव्हरिंग काय, इस्त्री फिरवून होतं. तिथे वेळ घालवण्यासारखं काही नाही.

इपॉक्सी आणि प्लाय नाकाकडे गेल्याने गुरुत्वमध्य पुढे सरकतो. टाकी रिकामी ठेवून पुन्हा तोला आणि आधी बॅटरी मागे सरकवून बघा. शिसं चिकटवणं हा शेवटचा उपाय.

इथवर काय झालं? टाकी आणि नळ्या नव्या, कार्ब्युरेटरमध्ये किट, ठिणगी तपासली, फायरवॉल हलत नाही. सुयांना अजून हात लावलेला नाही, आणि रेडिओ बघितल्याशिवाय लावायचाही नाही.

आपटलेल्या विमानाचा प्रत्येक सर्व्हो (हलते भाग फिरवणारी छोटी मोटर) मी हाताने सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवतो. एक दात तुटला असेल तर एका ठिकाणी ‘टक’ असं लागतं. चालू करून फिरवला तर तोच दात पटकन ओलांडला जातो आणि कळत नाही. एलेरॉन आणि एलिव्हेटर, म्हणजे पंखाचे आणि शेपटीचे हलते पृष्ठभाग, धरून हलवा. बिजागरी किंवा बॉल लिंक सैल असेल तर वेगात फ्लटर होतो, म्हणजे तो भाग जोरात फडफडतो, आणि पृष्ठभाग क्षणात उखडतो. रिसीव्हर फोममध्ये, इग्निशनपासून निदान 30 सेंटिमीटर लांब. मग रेंज तपासा: ट्रान्समीटर कमी शक्तीच्या रेंज मोडवर ठेवून साधारण 30 पावलांवरून, आधी इंजिन बंद, मग चालू. इंजिन चालू असताना पल्ला कमी झाला तर प्लगच्या टोपणाजवळ किंवा वायरच्या जाळीत गळती आहे. फेलसेफ, म्हणजे रेडिओचा संपर्क तुटल्यावर विमान काय करतं, तेही याच वेळी. विमान बांधलेलं असताना ट्रान्समीटर बंद करा. इंजिन मंद झालं पाहिजे किंवा थांबलं पाहिजे. हे जमिनीवर नाही झालं तर विमान उडवायचं नाही, यात चर्चा नाही.

पंख्यावर जरा खरवडल्याची खूण असली तरी तो फेकून द्या. 18 इंची पंख्याचं टोक 7,000 फेऱ्यांना ताशी 600 किलोमीटरच्या आसपास फिरतं. त्या वेगात सुटलेला तुकडा कुठे लागेल ते आपल्या हातात नसतं. नवा पंखा बॅलन्सरवर तोला. लाकडी असेल तर पहिल्या दोन-तीन वेळा चालवल्यावर बोल्ट पुन्हा आवळा, लाकूड दबतं. हवामान बदललं की परत.

आता इंजिन चालू करा. शेपूट दोरीने बांधा, एक माणूस विमान धरायला घ्या, हाताला जाड हातमोजा, आणि पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत कुणीही उभं नको. सुया हलकेच पूर्ण आत घ्या. ठेचू नका, टोक कायमचं बिघडतं. मग दोन्ही साधारण दीड फेरी उघडा. ताजं पेट्रोल, तेल 30 ला 1, म्हणजे 1 लिटरला 33 मिली. पुस्तिका 40 ला 1 म्हणत असेल तर 25 मिली. चोक बंद, एखाद-दोन फडफडी झाल्या की चोक उघडा. चालू झाल्यावर दोन मिनिटं गरम होऊ द्या. थंड इंजिनवर लावलेली सुई गरम झाल्यावर चुकते.

पूर्ण थ्रॉटलला नेऊन वरच्या गतीची सुई थोडी थोडी आत घ्या. आवाज चढत जातो आणि एका जागी थांबतो. तिथून पाव फेरीचं अर्ध, म्हणजे एक अष्टमांश फेरी, परत उघडा. आवाज किंचित उतरला पाहिजे. मग मंद गतीवरून थ्रॉटल झटकन द्या. इंजिन ‘ब्वाऽ’ करून थांबलं तर खालची, म्हणजे मंद गतीची, सुई थोडी उघडा. घरघरत, धूर काढत, सावकाश चढलं तर थोडी आत घ्या. एका वेळी एक अष्टमांशापेक्षा जास्त नाही. खालची सुई वरच्या गतीलाही थोडं पेट्रोल देते, म्हणून ती लावल्यावर वरची पुन्हा एकदा बघा. शेवटी दोघांनी विमान घट्ट धरून नाक वर करायचं, पूर्ण थ्रॉटलवर, दहा सेकंद. आवाज बसला तर अजून लीन आहे. सुयांचं काम इतकंच, आणि ते अर्ध्या तासात होतं.

पुढच्या देखभालीत वादाचा मुद्दा एकच: उडवून झाल्यावर कार्ब्युरेटर कोरडा करावा की नाही. दर आठवड्याला उडवत असाल तर मी टाकी रिकामी करतो, पण कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल राहू देतो. पडदे ओलसर असले की मऊ राहतात. दोन महिन्यांहून जास्त ठेवायचं असेल तर उरलेलं पेट्रोल चालवून संपवतो आणि प्लगच्या भोकातून टू-स्ट्रोक तेलाचे चार थेंब टाकून पंखा हाताने फिरवतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल ओढतं, ते महिनोन्‌महिने साठवू नका. भरताना गाळून भरा. इंजिन आणि मफलरचे बोल्ट दर दिवशी उडवण्याआधी हाताने चाचपा. धातूत घुसणाऱ्या बोल्टांना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. फायरवॉलचा नवा जोड पहिल्या तीन उड्डाणांनंतर दर वेळी टॉर्च मारून बघा. इपॉक्सीत पांढरी रेघ उमटली तर तिथे हालचाल आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ती तपासून कळवा. मोजणाऱ्या पडद्याच्या झाकणाला मधोमध टाचणीएवढं भोक असतं. पडद्याच्या मागच्या बाजूला बाहेरच्या हवेचा दाब मिळावा म्हणून. तुमच्या विमानाला काउल (इंजिनवरचं आवरण) आहे का, आणि समोरून येणारी हवा थेट त्या भोकावर येते का? तसं असेल तर जमिनीवर सगळं जमूनही हवेत वेग वाढला की मिश्रण बदलेल, आणि दोष पुन्हा सुयांवर जाईल. उपाय सोपा आहे: झाकणाला बारीक पितळी नळी झाळायची आणि तिच्यावरची रबरी नळी विमानाच्या अंगात, शांत हवेत, सोडायची. झाकण काढून फोटो पाठवलात तर नळी कुठे झाळायची ते नेमकं सांगता येईल.